वाक्यरूपांतर आणि अर्थ
इंग्रजी वाक्प्रचार व अव्यययुक्त क्रियापदे यांचा मराठीच्या अंगाने विचार

1. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजीच्या परीक्षेत वाक्यरूपांतराचा प्रश्न आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. विद्यार्थ्यास एक वाक्य दिलेले असते. त्यातील एक क्रियापद काढून त्याच्या जागी वाक्प्रचार किंवा 'फ्रेजल व्हर्ब' योजावयाचे आणि अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहावयाचे, अशी सूचना असते. 'टॉलरेट'च्या जागी 'पुट अप विथ', 'पोस्टपोन'च्या जागी 'पुट ऑफ', 'इन्व्हेस्टिगेट'च्या जागी 'लुक इंटू', याप्रमाणे उत्तर अपेक्षित असते. इंग्रजी व्याकरणात ज्यास 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात त्यास प्रस्तुत लेखात 'अव्यययुक्त क्रियापद' असे म्हटले आहे.

या प्रश्नाच्या तयारीसाठी विद्यार्थी जोड्यांची यादी पाठ करतो. यादीच्या एका बाजूस एकशब्दी क्रियापद आणि दुसऱ्या बाजूस त्याचा 'पर्याय' असतो. यादी पाठ असली तर गुण मिळतात, हे खरे. परंतु यादीमागे एक गृहीत दडलेले असते. ते असे की दोन्ही बाजूंचा अर्थ सारखा असून रूपांतर म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल होय. या गृहीताची चिकित्सा करणे आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यास या प्रश्नाकडे कोणत्या वाटेने नेता येईल याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावाची भाषिक परिस्थिती दृष्टीसमोर ठेवली आहे.

2. सीमेवरील विद्यार्थी

बपेरा हे तुमसर तालुक्यातील गाव मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. 1956 पर्यंत ही राज्याची सीमा नव्हती. भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला; बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. राज्ये वेगळी झाली, पण बोलणे नकाशावरील रेघेपाशी थांबत नाही. या पट्ट्यात झाडीबोली आहे. पोवार समाजाच्या घरांत पोवारी आहे, जिचे नाते मराठीपेक्षा हिंदीच्या बोलींशी अधिक जवळचे मानले जाते. बाजारात हिंदी आहे, शाळेत प्रमाण मराठी आहे आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी आहे.

अशा परिसरातील मुलगा घरून शाळेत येतो, तेव्हा रूपांतराची एक क्रिया त्याने वाटेतच केलेली असते. घरी किंवा गल्लीत तो 'काय करून रायला?' असे विचारतो. वर्गात त्यालाच 'काय करतो आहेस?' असे म्हणावे लागते. 'करून राहणे' ही रचना नागपूरपासून पूर्वेकडे सर्वत्र ऐकू येते. ती चालू क्रिया दाखवते. हिंदीच्या 'कर रहा है' या रचनेशी तिचे कार्य जुळते, पण तिची घडण मराठी आहे. हिंदीत केवळ धातू येतो, येथे '-ऊन' हा मराठी प्रत्यय लागतो. पुण्याच्या वाचकाने 'तो नागपूरला जाऊन राहिला' हे वाक्य वाचले, तर तो माणूस नागपूरला गेला व तेथे मुक्कामास राहिला, असा अर्थ तो घेईल. तुमसरच्या बाजारात हेच वाक्य ऐकले तर तो माणूस या क्षणी नागपूरच्या वाटेवर आहे, असा अर्थ होईल. शब्द तेच, प्रत्यय तेच; पण 'राहणे' हे क्रियापद एका ठिकाणी स्वतःच्या अर्थाने उभे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साहाय्यक झाले आहे.

शाळेत या रचनेस अनेकदा 'अशुद्ध' ठरवले जाते आणि तेथेच विषय संपतो. वस्तुतः त्या मुलास दोन व्याकरणे येतात आणि प्रसंग पाहून तो एकातून दुसऱ्यात जातो. 'अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा' ही सूचना इंग्रजीच्या तासाला प्रथम ऐकण्यापूर्वीच तो ती पाळत आला आहे. ज्या कौशल्याची परीक्षा घ्यावयाची, तेच त्याच्याजवळ आधीपासून असताना त्याला ते दोष म्हणून दाखवले जाते. मग इंग्रजीच्या यादीपुढे तो स्वतःस रिकाम्या हाताचा समजू लागला, तर आश्चर्य नाही.

3. अव्यययुक्त क्रियापदाची घडण

इंग्रजीतील या क्रियापदांची अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदापुढे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची सवय परकीयांना फार जड जाते, अशी नोंद केली होती. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925 च्या ग्रंथातून रूढ झाली. संज्ञा नवी असली तरी वस्तू जुनीच आहे.

यादीतील एकशब्दी क्रियापदे पाहिली तर त्यांतील पुष्कळशी लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या मार्गे, आलेली दिसतात. 'पोस्टपोन' या शब्दात लॅटिनमधील 'नंतर' आणि 'ठेवणे' या अर्थांचे दोन घटक आहेत. म्हणजे 'पुट ऑफ'प्रमाणेच तोही मुळात दोन तुकड्यांचा आहे. एकात अव्यय पुढे येऊन धातूशी एकजीव झाले, दुसऱ्यात ते मागे राहून सुटे उरले, इतकाच घडणीतील भेद. संस्कृतचा परिचय असलेल्या वाचकास यात नवल वाटू नये. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द उपसर्गांच्या योगाने होतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा होतो. वैदिक भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून दूरही राहू शकत असे. पुढे तो धातूस कायमचा चिकटला. इंग्रजीचा प्रवास बऱ्याच अंशी याच्या उलट झाला. प्राचीन इंग्रजीत क्रियापदास पुढून जडणारे घटक विपुल होते. त्यांपैकी अनेक मागे पडले आणि क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या अव्ययांचे प्रस्थ वाढले.

सुटेपणामुळे स्थानाचा प्रश्न निर्माण होतो. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण कर्म सर्वनाम असेल तर 'टर्न इट ऑफ' एवढेच चालते. 'टर्न ऑफ इट' चालत नाही. याउलट 'लुक आफ्टर हर' बरोबर आणि 'लुक हर आफ्टर' चूक. कारण पहिल्या उदाहरणात 'ऑफ' हे क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात 'आफ्टर' हे नामाशी संबंध जोडणारे अव्यय आहे. 'पुट अप विथ' यात दोन्ही प्रकार एकत्र येतात: 'अप' हे क्रियाविशेषण, 'विथ' हे संबंध जोडणारे. यादीत मात्र ही तिन्ही क्रियापदे एकाखाली एक, एकाच चेहऱ्याने उभी असतात.

दिसायला सारख्या पण घडणीने भिन्न अशा वाक्यांची एक प्रसिद्ध जोडी येथे घेता येईल. 'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडी धावत चढला. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. दुसऱ्या वाक्यात 'अप' हलवून 'ही रॅन अ बिल अप' असे म्हणता येते. पहिल्यात तसे करता येत नाही. अर्थ कळला की नाही हे पाहावयाचे असेल तर हा भाग हलवून पाहावा, ही कसोटी यातून मिळते.

ही कसोटी मराठीस परकी नाही. 'तो जेवून बसला' आणि 'तो चूक करून बसला' ही वाक्ये घ्यावीत. पहिल्या वाक्यात मध्ये 'ओसरीवर' हा शब्द घालता येतो: 'तो जेवून ओसरीवर बसला.' दुसऱ्यात तो घातला की 'चूक करून ओसरीवर बसला' असे होऊन मूळ अर्थ नाहीसा होतो, कारण तेथे 'बसणे' म्हणजे आसन घेणे नव्हे. हातून घडून गेलेल्या आणि आता परत न फिरवता येणाऱ्या गोष्टीबद्दलची चुटपुट त्या क्रियापदाने दाखवली आहे. टेकडी व बिल यांचा भेद जो विद्यार्थी समजू शकत नाही असे वाटते, तोच ओसरी व चूक यांचा भेद क्षणात ओळखतो.

4. मराठीतील तीन साधने

इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदाचे काम मराठी कशाने करते? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते काम मराठीत तीन साधनांमध्ये वाटले गेले आहे.

पहिले साधन म्हणजे दिशावाचक शब्द आणि क्रियापद यांचा संयोग. 'मागे घेणे', 'पुढे ढकलणे', 'मागे पडणे', 'पुढे येणे', 'बाहेर पडणे', 'हाती घेणे' ही उदाहरणे पाहावीत. 'राजीनामा मागे घेतला' यात राजीनाम्याचा कागद कोणी मागच्या बाजूस सरकवलेला नसतो. दिशा लाक्षणिक झालेली असते. 'ऑफ', 'बॅक', 'अप' यांचे इंग्रजीत नेमके हेच होते. रचनेच्या दृष्टीने हे साधन इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदाच्या सर्वांत जवळचे आहे.

दुसरे साधन संयुक्त क्रियापदांचे. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून संयुक्त क्रियापदांची चर्चा मराठी व्याकरणात होत आली आहे. 'लिहिणे' हे एकच क्रियापद घेतले तरी त्याची संपत्ती लक्षात येते. 'लिहून घेणे' म्हणजे आपल्यासाठी टिपणे. 'लिहून देणे' यात लाभ दुसऱ्याचा, आणि क्वचित बांधीलकी आपली. 'लिहून ठेवणे' म्हणजे पुढील उपयोगासाठी जतन करणे. 'लिहून काढणे' म्हणजे अथपासून इतिपर्यंत पुरे करणे. 'लिहून टाकणे' म्हणजे एकदाचे हातावेगळे करणे. इंग्रजीत 'राइट डाउन', 'राइट आउट', 'राइट अप', 'राइट ऑफ' अशी मालिका आहे. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या तर 'राइट डाउन' हे प्रसंगाप्रमाणे 'लिहून घेणे' किंवा 'लिहून ठेवणे' ठरते. 'राइट आउट' हे 'लिहून काढणे' याच्या जवळ येते. पण 'राइट ऑफ' म्हणजे 'लिहून टाकणे' नव्हे, तर बुडीत खाती जमा करणे होय. कोणत्याही दोन पेट्यांची झाकणे एकमेकींस तंतोतंत बसत नाहीत.

हा भेद आकस्मिक नाही. मराठीचे साहाय्यक क्रियापद बहुधा कर्त्याच्या वृत्तीचे किंवा लाभाचे सूचन करते: क्रिया कोणासाठी, मनापासून की नाइलाजाने, जाणून की अनवधानाने. इंग्रजी अव्यय बहुधा क्रियेच्या दिशेचे किंवा पूर्णतेचे सूचन करते. 'ईट अप' म्हणजे ताटात काही न ठेवता खाणे. 'खाऊन टाकणे' यात पूर्णता आहेच, शिवाय एकदाचे संपवण्याची घाई किंवा मोकळीकही आहे. 'बोलून जाणे' यात जी नकळतता आहे ती 'स्पीक आउट' यात नाही. उलट तेथे निर्भयपणा आहे.

आणखी एक सूक्ष्म भेद नकाराचा. मराठीत संयुक्त क्रियापद नकारार्थी वाक्यात सहजासहजी येत नाही. 'त्याने सगळे सांगून टाकले' याचा नकार बहुधा 'त्याने काही सांगितले नाही' असा होतो. हिंदीतही हीच प्रवृत्ती आहे. पीटर हूक यांच्या हिंदी संयुक्त क्रियापदांवरील 1974 च्या ग्रंथापासून ती विशेष चर्चिली गेली आहे. इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदास असे कोणतेही बंधन नाही. 'शी डिड नॉट गिव्ह अप' हे अगदी सहज वाक्य आहे. म्हणून होकारार्थी वाक्यात जुळलेली जोडी नकारार्थी वाक्यात जुळेलच असे विद्यार्थ्याने मानू नये.

तिसरे साधन वाक्प्रचारांचे. 'लांबणीवर टाकणे', 'कानाडोळा करणे', 'हात टेकणे', 'काढता पाय घेणे' यांसारख्या प्रयोगांत एका इंग्रजी अव्ययाचे काम पूर्ण शब्दचित्र करते. 'गिव्ह अप' याचा अर्थ व्यसनाच्या संदर्भात 'सोडून देणे' होतो. सर्व उपाय थकल्यावर तोच अर्थ 'हात टेकणे' असा होतो.

ही तीन साधने ध्यानात घेतली म्हणजे 'समानार्थी' या शब्दाचा फोलपणाही कळतो. सभा 'स्थगित केली', 'पुढे ढकलली' आणि 'लांबणीवर टाकली' या तिन्हींचा स्थूल अर्थ एकच. पण पहिले वाक्य सूचनाफलकावरचे आहे. दुसरे बोलण्यातले असून त्यात पुढे कधीतरी सभा होणार असल्याचे सूचन आहे. तिसऱ्यात सभा टाळणाऱ्यावर सौम्य ठपका आहे. त्याचप्रमाणे 'सहन करणे' हे 'टॉलरेट'च्या पंगतीस बसते, तर 'पुट अप विथ' याचा खरा सोबती 'चालवून घेणे' हा आहे. शेजारच्या गिरणीचा आवाज माणूस चालवून घेतो. अन्याय मात्र तो सहन करतो किंवा करत नाही. 'अर्थ न बदलता' या सूचनेत अर्थ म्हणजे केवळ वस्तुस्थिती, की बोलणाऱ्याचा सूरही, हे प्रश्नपत्रिका सांगत नाही. ते वर्गात सांगितले गेले पाहिजे.

5. वाक्प्रचाराचे गोठलेपण

वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे सर्वश्रुत आहे. त्याचे रूपही गोठलेले असते, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. 'त्याने राम म्हटला' याचा अर्थ तो मरण पावला. 'त्याने रामाचे नाव घेतले' असे केल्यास तो माणूस जिवंत होऊन पूजेस बसतो. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली. 'वाटेकडे डोळे लागले' म्हणजे उत्कंठेने वाट पाहिली. 'डोळे आले' म्हणजे डोळ्यांचा विकार झाला. एकवचन व अनेकवचन यांच्या फरकाने अर्थ कुठल्या कुठे जातो.

इंग्रजीतही असेच घडते. 'लूज हार्ट' म्हणजे धीर खचणे आणि 'लूज वन्स हार्ट' म्हणजे प्रेमात पडणे. मध्ये एक स्वामित्वदर्शक शब्द आला, इतकेच. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. पण 'द बकेट वॉज किक्ट' असा कर्मणी प्रयोग केला की खरोखरीची बादली लाथेने उडते. याउलट 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणे, यास कर्मणी प्रयोग सोसतो. सर्व वाक्प्रचार सारखेच गोठलेले नसतात, हा यातील धडा आहे. रूपांतराच्या प्रश्नात प्रयोग, काळ व वचन एकाच वेळी बदलण्यास सांगितले असेल, तर कोणता वाक्प्रचार किती लवचीक आहे याची जाण आवश्यक ठरते.

भाषांतरातून आलेल्या वाक्प्रचारांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 'प्रकाश टाकणे', 'शीतयुद्ध', 'हिरवा कंदील दाखवणे' हे प्रयोग इंग्रजीच्या सहवासाने मराठीत आले आणि रुळले. रेल्वेचा हिरवा कंदील महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला होता. म्हणून तो शब्द परका राहिला नाही. चित्र ओळखीचे असेल तर वाक्प्रचार सीमा ओलांडतो. उलट 'डोके खाणे' याचे शब्दशः इंग्रजी केल्यास इंग्रजी भाषक बुचकळ्यात पडतो, कारण तेथे त्या चित्रास रूढीचे पाठबळ नाही.

6. चुकांची मीमांसा

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या चुका वरकरणी निष्काळजीपणाच्या वाटतात. अनेकदा त्यांच्यामागे मराठीचे व्याकरण उभे असते.

पहिली चूक अव्यय गाळण्याची. 'द चाइल्ड वॉज लुक्ट आफ्टर बाय इट्स ग्रँडमदर' या वाक्यात 'आफ्टर' गाळला जातो. याचे कारण मराठीचे शब्दयोगी अव्यय होय. मराठीत ते नामास जोडूनच येते: घरावर, आजीकडे, मुलाविषयी. नामाचा आधार सुटलेले असे अव्यय मराठी मनास पोरके वाटते. कर्म उचलून वाक्याच्या आरंभी नेले की मागे राहिलेला 'आफ्टर' कशास चिकटलेला आहे हे दिसत नाही, आणि लेखणी तो वगळते.

दुसरी चूक अव्यय वाढवण्याची. 'डिस्कस अबाउट' हा प्रयोग 'प्रश्नाविषयी चर्चा करणे' यातील 'विषयी'मुळे येतो. 'रिटर्न बॅक' हा 'परत येणे' यातील 'परत'मुळे येतो. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात जो अर्थ आधीच आहे, तो मराठीच्या सवयीने पुन्हा बाहेर मांडला जातो.

तिसरी चूक सर्वनामाच्या स्थानाची. 'पुट ऑफ इट' असे लिहिले जाते, कारण यादीत 'पुट ऑफ' हा एक अखंड शब्द म्हणून पाठ झालेला असतो. ही चूक मराठीची नव्हे, ती यादीची आहे.

चौथी चूक सुराची. औपचारिक अर्जात बोलभाषेतील अव्यययुक्त क्रियापद येते आणि संवादात लॅटिन वळणाचे जड क्रियापद येते. समान अर्थ म्हणून पाठ केलेल्या शब्दांत निवड करण्याची गरजच विद्यार्थ्यास शिकवलेली नसते.

ही कारणे माहीत असलेला शिक्षक चुकीवर केवळ तांबडी रेघ ओढून थांबणार नाही. 'आफ्टर' का गळला हे त्याने एकदा मराठीतून समजावले, तर 'लुक इंटू', 'लाफ अॅट', 'रिलाय ऑन' या सर्वांच्या कर्मणी प्रयोगांचा उलगडा एकदम होतो.

7. अध्यापनाची दिशा

येथे इतिहासातील एक गोष्ट स्मरणीय आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश 1831 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1857 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात अवयववाचक शब्दांखाली वाक्प्रचारांची मोठी जंत्री आहे. मराठी शिकणाऱ्या इंग्रजांपुढे तेव्हा तोच प्रश्न होता जो आज मराठी विद्यार्थ्यापुढे आहे. दिशा तेवढी उलट होती. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्या इंग्रजीकडे नेल्या. त्या मालेचे बळ असे की मराठी वाक्य तिने इंग्रजीचे प्रवेशद्वार मानले. मातृभाषा ही इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवण्याची वस्तू आहे, अशी समजूत तिच्यामागे नव्हती. नंतरच्या काळात वाक्यागणिक भाषांतराच्या पद्धतीचे दोषही दाखवले गेले आणि ते खरे आहेत. परंतु भाषांतर सोडताना तुलनाही सोडली गेली, हे नुकसान झाले.

तुलनेवर आधारलेली रीत पुढीलप्रमाणे असू शकेल. प्रथम मूळ वाक्याची वस्तुस्थिती आणि सूर मराठीत सांगावा. नंतर तोच अर्थ मराठीतच दोन-तीन प्रकारे म्हणून पाहावा आणि त्यांतील फरक बोलून दाखवावा. विद्यार्थ्याच्या बोलीतील रूपही या पंक्तीत बसवावे. त्यानंतर इंग्रजी पर्याय निवडावा. अखेरीस अव्यय हलवून, कर्माच्या जागी सर्वनाम घालून आणि नकार करून त्याची घडण तपासावी.

बपेऱ्याच्या परिसरातीलच एक वाक्य घेऊन ही रीत पाहता येईल. हा भाताचा प्रदेश आहे. पऱ्हे तयार असूनही बांधीत पाणी साचले नाही तर रोवणी करता येत नाही. वाक्य असे: 'द फार्मर्स पोस्टपोन्ड द ट्रान्सप्लांटिंग बिकॉज द रेन्स हॅड नॉट बिगन.' यादीच्या साहाय्याने 'पोस्टपोन्ड'च्या जागी 'पुट ऑफ' आणि 'बिगन'च्या जागी 'सेट इन' येईल व दोन्ही गुण मिळतील. पण वर्गात आणखी विचारता येईल. रोवणी 'पुढे ढकलली' की 'लांबणीवर टाकली'? दुसऱ्या शब्दप्रयोगात आळसाचा ठपका आहे. शेतकऱ्यास तो लागू नाही. म्हणून 'पुढे ढकलली', आणि त्याचा सोबती 'पुट ऑफ'. रोवणीऐवजी सर्वनाम योजल्यास 'दे पुट इट ऑफ'.

आता पाऊस. 'बिगन' म्हणजे सुरू झाला. 'सेट इन' म्हणजे सुरू झाला आणि ठरला. मृगाच्या एका सरीने पाऊस 'आला' असे म्हणता येते. तेवढ्यावर कोणी रोवणी करीत नाही. पाऊस 'लागून राहिला' म्हणजे रोवणीस हात घातला जातो. तेव्हा हे दोन इंग्रजी शब्द समानार्थी आहेत काय? परीक्षेच्या यादीप्रमाणे आहेत. भात लावणाऱ्याच्या घरातील मुलास विचारले तर तो नाहीत असे सांगेल आणि त्याचे उत्तर अधिक अचूक असेल. मूळ वाक्यापेक्षा त्याचे रूपांतरित वाक्य अधिक खरे झाले आहे, हेही त्याच्या लक्षात येईल, कारण पाऊस सुरू न झाल्याने नव्हे, तो न ठरल्याने रोवणी थांबते.

ज्या 'राहणे' या क्रियापदाबद्दल त्यास शाळेत टोकले गेले, तेच येथे 'सेट इन' या इंग्रजी प्रयोगाचे मर्म उलगडण्यास उपयोगी पडते. रूपांतराचा प्रश्न परीक्षेत राहील आणि राहावाही. पण त्याची तयारी यादीपासून न करता विद्यार्थ्याच्या तोंडच्या भाषेपासून केली, तर त्याला इंग्रजीची घडण समजेल, आणि आपल्या घरची बोली ही अडगळ नसून एक साधन आहे हेही उमगेल.